पाणीवाल्या नोएलची काचपेटी

कुलगारा गावात कुणाच्या घरी काय शिजतंय हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि जे ठाऊक नसतं ते शुक्रवारी दुपारी चेंडू घरंगळवायच्या बॉलिंगच्या हिरवळीवर कळतं. अशा गावात नोएल स्टकीने पाच मेलेले मासे सहा महिने लपवून ठेवले, हा विक्रमच म्हणायचा. बरं, नोएल काही लपवाछपवीत मुरलेला माणूस नव्हता. खोटं बोलला की त्याचे कान लाल होत. पण त्या सहा महिन्यांत उन्हाळाच असा कडक होता की गावात सगळ्यांचेच कान लाल होते. म्हणून निभावलं.

नोएल म्हणजे आमच्या गावचा पाणीवाला. एकतीस वर्षं त्याने नदीकाठच्या पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात काढली. गावातल्या कुठल्याही नळाखाली हात धरा, नोएलच्या हाताखालून गेलेलं पाणी यायचं. गंमत अशी की ते पाणी पीत कुणीच नव्हतं. कपड्यांना, झाडांना, कुत्र्याच्या आंघोळीला नळाचं पाणी. चहाला मात्र छपरावरून पत्र्याच्या टाकीत उतरलेलं पावसाचं. नोएलच्या घरीसुद्धा हेच. त्याची बायको ग्लेनिस चारचौघांत सांगायची, "आमच्या नोएलचं पाणी इतकं स्वच्छ असतं की आम्ही त्याने गाडी धुतो."

नोएल निवृत्त झाला आणि ग्लेनिसचे दिवस फिरले. पहिल्या महिन्यात त्याने तिच्या मसाल्याच्या बरण्या तारखेनुसार लावल्या. दुसऱ्या महिन्यात शेजाऱ्याच्या बागेतला फवारा मिनिटाला किती पाणी वाया घालवतो ते मोजून त्याला कागदावर लिहून दिलं. असं दोन-अडीच वर्षं चाललं. शेवटी एके सकाळी ग्लेनिसने चहाचा कप जरा जोरातच ठेवला आणि म्हणाली, "नोएल, मासे पाळ."

"मासे कशाला?"

"पाण्यात असतात, म्हणून. आणि उलटून बोलत नाहीत. मी बोलते."

गावात मासेवाल्यांचं मंडळ होतं. पंधरा-सोळा माणसं, बहुतेकांचे गुडघे गेलेले. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सभागृहात जमून माशांविषयी तासभर आणि गैरहजर सभासदांविषयी दोन तास बोलायची. मंडळाचा प्राण होत्या मिसेस पोलमन. आयरिस पोलमन, वय ब्याऐंशी, चाळीस वर्षं तिसरीच्या वर्गावर शिक्षिका. गावातल्या निम्म्या टकलांवर कधी ना कधी त्यांनी पट्टी आपटली होती आणि नोएलचं टक्कल त्या निम्म्यात होतं. सहासष्ट वर्षांचा झाला तरी त्यांच्यासमोर तो हात खिशातून काढूनच उभा राही.

मिसेस पोलमनचे यजमान हर्ब रेल्वेत रूळ तपासायच्या कामावर होते. तीस वर्षांपूर्वी कामावरून परतताना त्यांनी थ्री माइल नावाच्या ओढ्यातून जाळीने बोटभर लांबीचे काही रेनबो मासे आणले. रुपेरी अंगावर निळी झाक आणि लालसर रेघा, एवढंच. असे मासे इथून समुद्रापर्यंत प्रत्येक नदीत सापडतात असं तुम्हाआम्हाला वाटतं, पण जाणकार म्हणतात की प्रत्येक ओढ्याची जात थोडी निराळी. पुढे मोठा दुष्काळ पडला, थ्री माइलचा डोह तळापर्यंत भेगाळला, तिथले मासे संपले. राहिले ते हर्बच्या काचपेटीत. सहा वर्षांपूर्वी हर्बही गेले. मासे आयरिसकडे राहिले.

मंडळाचा एक नियम मोडायची कुणाची टाप नव्हती. प्रत्येक पेटीवर चिठ्ठी हवी: कुठल्या ओढ्याचे मासे, कुठल्या साली आणले, कुणाकडून आले. एका ओढ्याचे दुसऱ्या ओढ्यात मिसळायचे नाहीत. गावात लग्नं जुळवताना कुणी एवढी चौकशी केली नव्हती. आणि हे मासे विकत मिळत नसत. तुमची पेटी सहा आठवडे नीट चालली की मिसेस पोलमन येऊन बघत, पटलं तर देत. तुम्ही मागायचं नाही.

आमच्याकडे थंडी जुलैत असते, त्या थंडीत नोएलने जुन्या सामानातून दोन फुटी काचेची पेटी आणली. परसातल्या बंद व्हरांड्यात, ऊन लागणार नाही अशा कोपऱ्यात ठेवली. नदीतली वाळू त्याने चौदा वेळा धुतली, ग्लेनिसने मोजलं. पंधराव्यांदा बादली उचलली तेव्हा ती म्हणाली, "आता इस्त्री पण करणार का?" पाणी भरलं ते टाकीतलं, पावसाचं. पाणवेली लावल्या, हवेचे बुडबुडे सोडणारा स्पंज बसवला. मग मिसेस पोलमन जॅमच्या बरणीत काहीतरी काळपट, घाणेरडं पाणी घेऊन आल्या.

"हे काय, मिसेस पोलमन?"

"माझ्या जुन्या पेटीतला स्पंज पिळून आणलाय. ओत."

"यात?"

"नाही, माझ्या चहात. नोएल, ओत म्हटलं ना. यातले जंतू नसले तर माशांची घाण पचवणार कोण, तू?"

एकतीस वर्षं पाण्यातली घाण काढण्यात घालवलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने स्वच्छ पाण्यात घाण ओतली. पुढचे सहा आठवडे तो रिकाम्या पेटीसमोर खुर्ची टाकून बसे, काचनळ्यांमध्ये थेंब टाकून पाण्याचा रंग बघे आणि वहीत लिही. ग्लेनिस येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "आमच्याकडे पाणी पाळलंय. अजून माणसाळलं नाही."

ऑगस्ट संपता संपता मिसेस पोलमन आल्या, चष्मा काचेला टेकवून पाच मिनिटं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "उद्या ये."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या धुण्याच्या खोलीत, हर्बच्या पेटीपाशी, सात मासे पिशवीत भरले गेले. पेटीच्या वर भिंतीला एक पिवळं पडलेलं पत्रक टाचणीने लावलं होतं. खाली सही होती: एन. स्टकी. अकरा वर्षांपूर्वी पाणीपट्टीच्या बिलासोबत घरोघर गेलेली सूचना, त्यानेच लिहिलेली. आपलं पत्रक अजून कुणी जपून ठेवलंय हे बघून नोएलची छाती दोन बोटं फुगली. वाचलं मात्र नाही. आपणच लिहिलेलं कोण वाचत बसतो?

निघताना मिसेस पोलमननी त्याच्या हातात एक छोटी बाटली ठेवली. "नळाचं पाणी घालायची वेळ आली तर आधी हे थेंब."

नोएल हसला. थोडं नाही, चांगलं खो खो. "मिसेस पोलमन, नळाचं पाणी मीच तर बनवत होतो."

"म्हणूनच देते," त्या म्हणाल्या.

ती बाटली घरी आल्यावर चमच्यांच्या खणात गेली.

सप्टेंबर छान गेला. सात मासे दिवसभर एका रांगेत पोहायचे आणि नोएल खुर्चीत बसून त्यांच्यासोबत मान हलवायचा. ग्लेनिस नाश्त्याच्या वेळी मोजायची, एक ते सात, आणि मग चहा ओतायची. मंडळात नोएलला पहिल्यांदाच खुर्ची पुढच्या रांगेत मिळाली.

मग ऑक्टोबर आला, कोरडा ठणठणीत. ग्लेनिस रोज संध्याकाळी पत्र्याच्या टाकीला खालून वर बोटांनी ठोकत जायची. पाणी आहे तिथे आवाज भरलेला, नाही तिथे पोकळ. एके दिवशी तिचं बोट खालून तिसऱ्याच पन्हाळीवर पोकळ वाजलं.

"नोएल, तुझ्या माशांना यातली आता एक बादली नाही. चहा किंवा मासे, काय ते ठरव."

"मग माशांना काय घालू?"

"तुझं पाणी घाल की. सगळ्या गावाला पाजायचा प्रयत्न केलास एकतीस वर्षं. आता ऐकणारं गिऱ्हाईक तरी मिळालंय."

आणि ती चार दिवसांसाठी समुद्रकाठच्या बहिणीकडे निघून गेली.

पेटीतलं पाणी बरेच दिवस बदललं नव्हतं, हिरवट झालं होतं. नोएलने नळाखाली दोन बादल्या भरल्या आणि अंगणात उन्हात उघड्या ठेवल्या. त्याच्या हाताला हीच सवय. तरुणपणी केंद्रात लागला तेव्हापासून ठरलेलं: नळाच्या पाण्यातला क्लोरीन एक दिवस उघड्यावर ठेवला की उडून जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पेटीतलं अर्धं पाणी काढलं, बादल्या ओतल्या, आणि वर्तमानपत्र घेऊन बसला.

जेवणाच्या वेळेपर्यंत तीन मासे पाण्याच्या वरच्या थरात तोंड वासून होते. दोन वाजता पाच जण आडवे पडले होते, कल्ले उघडे, लाल.

तेव्हा नोएलला ते पत्रक आठवलं. वाचलं नव्हतं, पण लिहिलं होतं ना! अकरा वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या वस्त्यांपर्यंत नळ गेले. पाणी इतक्या लांब पोचेपर्यंत क्लोरीन उडून जाई, म्हणून त्यात अमोनिया मिसळायचं ठरलं. तो मिश्र क्लोरीन उडत नाही, उन्हात ठेवा नाहीतर वाऱ्यावर. हा बदल नोएलने स्वतः केला होता, स्वतःच्या हाताने वाल्व फिरवून. आणि सूचनेत त्याने स्वतः लिहिलं होतं: 'मासे पाळणाऱ्यांनी नोंद घ्यावी. पाणी उघडं ठेवल्याने हा परिणाम जात नाही. योग्य थेंब वापरावेत.' गावातली एक म्हातारी अकरा वर्षं ते पाळत होती. ज्याने लिहिलं त्याचं डोकं ते जाणत होतं, हात मात्र तीस वर्षं मागे राहिले होते.

चमच्यांचा खण उपसला. बाटलीचं सील दातांनी तोडलं. थेंब पडले, दोन मासे वाचले. पाच त्याने परसात लिंबाच्या झाडाखाली पुरले. फावडं धरून उभा राहिला आणि पहिला विचार माशांचा आला नाही, हे त्याला पुढे कित्येक दिवस खात राहिलं. पहिला विचार आला तो पुढच्या रांगेतल्या खुर्चीचा.

त्याने फोन उचलला, ठेवला. पुन्हा उचलला, ठेवला. तिसऱ्यांदा नंबर लावला.

"नोएल? बरा आहेस ना? आवाज का येत नाहीये?"

"बरा आहे, मिसेस पोलमन."

"आणि आमची मंडळी?"

इथे नोएल स्टकीच्या आयुष्यात एक क्षण असा होता की ज्यात सगळं सरळ होऊ शकलं असतं. घड्याळ टिकटिकत होतं, तेही केंद्राने निवृत्तीला दिलेलं.

"मजेत," तो म्हणाला. "सातही."

एकदा सात म्हटल्यावर सात हवेत. ग्लेनिस परतायच्या आधी तो गाडी काढून दोन तासांवरच्या मोठ्या गावात गेला आणि तिथल्या दुकानातून जवळजवळ तशाच दिसणारे पाच रेनबो घेऊन आला. कुठल्या नदीचे, दुकानदाराला विचारलं नाही. विचारलं असतं तर माहीत झालं असतं, आणि माहीत झालेलं खोटं जास्त जड असतं असं त्याला वाटलं.

ग्लेनिस आली. नाश्त्याला मोजलं, एक ते सात. मग चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"माझ्या मागे यांना बाळसं आलेलं दिसतंय."

"जास्त खायला घातलं."

"कान का लाल झालेत तुझे?"

"ऊन आहे."

तिने चहा ओतला. पण त्या दिवसापासून मोजायची बंद झाली. नोएलला वाटलं सुटलो. बायको मोजायची थांबली म्हणजे माणूस सुटला असं ज्याला वाटतं, त्याचं लग्न फार जुनं नसावं. नोएलचं एकेचाळीस वर्षांचं होतं, म्हणजे त्याला कळायला हवं होतं.

आता गुपित ठेवणाऱ्याचं नशीब कसं असतं बघा. बुडवायचं तर सरळ बुडवत नाही, आधी वर उचलून धरतं. नोव्हेंबरात मंडळाचं प्रदर्शन झालं. चिटणीस ट्रेव्हर नुस्के घरी येऊन पेटी उचलून घेऊन गेला, चिठ्ठीसकट: 'थ्री माइल, हर्ब पोलमन, मिसेस पोलमनकडून.' नोएलच्या माशांना पहिला क्रमांक मिळाला. निळी फीत मिसेस पोलमननी स्वतः लावली. टाळ्या पडल्या. ट्रेव्हर म्हणाला, "पाणी कुणाचं आहे शेवटी! नोएल, काय घालतोस त्यात?" आणि सगळे हसले. नोएलही हसला. हातातला लॅमिंग्टन केकचा तुकडा त्याने तसाच बशीत ठेवला. मिसेस पोलमन त्याच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "हर्बला आवडलं असतं." तो बाहेर जाऊन गाडीत बसून राहिला. ग्लेनिसने ती फीत फ्रिजच्या दारावर लावली आणि रोज दूध काढताना नोएल नजर खाली ठेवू लागला.

डिसेंबरात पाणवेलीत पिल्लं दिसली. बारीक, पापणीच्या केसासारखी. पन्नासेक असतील. कुणाची, हे विचारायची सोय नव्हती.

जानेवारीत एका दुपारी वादळाने गावची वीज गेली, घरं भट्टी झाली. मिसेस पोलमन त्या दिवशी डोळ्यांच्या तपासणीला जिल्ह्याच्या गावी होत्या. संध्याकाळी परतल्या तेव्हा बुडबुडे बंद पडलेल्या पेटीत हर्बचे सगळे मासे तरंगत होते. ही बातमी त्यांनी नोएलला दिली वाणसामानाच्या दुकानात, बटाट्यांच्या ढिगापाशी.

"सगळे गेले रे," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, वर्गावर हजेरी घेतल्यासारखा. "बरं झालं तुला दिले होते. आता हर्बचे मासे फक्त तुझ्याकडे."

नोएलच्या हातातली पिशवी सुटली, बटाटे घरंगळत दुकानभर गेले. तो गुडघ्यांवर बसून एकेक बटाटा गोळा करत राहिला, गरजेपेक्षा बराच वेळ. खाली बसल्यामुळे निदान तोंड तरी दिसत नव्हतं.

फेब्रुवारीत धो धो पाऊस झाला. थ्री माइलचा डोह कित्येक वर्षांनी काठोकाठ भरला. मंडळाने अर्ज केला, मिसेस पोलमननी चार पत्रं लिहिली आणि मासे पुन्हा ओढ्यात सोडायचा परवाना आला. एप्रिलचा एक शनिवार ठरला. नोएलच्या पेटीतली चाळीस पिल्लं सोडायची. नोएलने कार्यक्रम पुढे ढकलायचा प्रयत्न केला: आधी पिल्लं लहान आहेत म्हणाला, मग पाठ दुखतेय, मग डोहात पाणी गढूळ आहे. ट्रेव्हर म्हणाला, "पाण्याची काळजी तू करू नकोस, आता ते केंद्रातून येत नाही."

त्या शनिवारी सकाळी पांढऱ्या झाकणाच्या बादलीत चाळीस पिल्लं घेऊन नोएल ग्लेनिससोबत ओढ्यावर पोचला तेव्हा मंडळातले सगळे आले होते. ट्रेव्हरने लोखंडी तव्यावर सॉसेज टाकले होते, कांद्याचा वास झाडांत पसरला होता. डोहाच्या काठी मिसेस पोलमनसाठी खुर्ची ठेवली होती, पण त्या बसल्या नव्हत्या. हर्बची जुनी रेल्वेची टोपी घालून पाण्यात घोट्यापर्यंत उभ्या होत्या, ब्याऐंशीव्या वर्षी, बूट काठावर नीट जोडीने ठेवून.

"आण," त्या म्हणाल्या. "हर्बने इथूनच घेतले होते. अगदी या बाभळीपासून."

नोएलने बादली दिली. त्यांनी झाकण काढलं. कुणीतरी फोटो काढायला पुढे झालं. बादली तिरकी झाली, पाण्याची कड काठावर आली.

"थांबा," नोएल म्हणाला.

एवढं हळू म्हणाला की कुणी ऐकलं नाही. मग तो बुटांसकट पाण्यात उतरला आणि बादलीच्या कडेवर हात ठेवला.

"थांबा, मिसेस पोलमन. हे हर्बचे नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे... दोन आहेत. पेटीत. मोठ्यांपैकी दोन हर्बचे. बाकी पाच मी दुकानातून आणले. ही पिल्लं कुणाची मला माहीत नाही."

पाण्यावर एक चतुर येऊन बसला, उडाला. ट्रेव्हरच्या तव्यावर सॉसेज करपायला लागले तरी तो चिमटा हातात धरून तसाच.

"माझे पाच कुठे आहेत?" मिसेस पोलमननी विचारलं.

"लिंबाखाली."

"कधी?"

"ऑक्टोबरात."

"कसे?"

हे नोएलला सगळ्यात जड गेलं. पाच मासे मेले हे सांगता आलं. कसे मेले हे सांगताना त्याला बुटात शिरलेल्या पाण्याकडे बघावं लागलं. "नळाचं पाणी घातलं. दिवसभर उघडं ठेवून."

मागून ट्रेव्हर पुटपुटला, "अरे देवा, पत्रक!" आणि कुणीतरी हसू दाबलं, पण ते फुटलं, आणि मग लगेच थांबलं, कारण मिसेस पोलमन हसल्या नव्हत्या. त्यांनी बादलीवर झाकण लावलं. अगदी सावकाश, कडा दाबून. मग काठावर चढल्या, बूट घातले, नाडी बांधली. नोएलने आधाराला हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही.

"मला तुझ्या घरी ने," त्या म्हणाल्या. "पेटी बघायची आहे."

गाडीत तिघं होती, आणि बादली ग्लेनिसच्या मांडीवर. अर्ध्या वाटेवर ग्लेनिस म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"लिंबाला या वर्षी जरा जास्तच फळं आली." मग खिडकीबाहेर बघत, "तू कधी सांगतोस याची वाट बघत होते. सहा महिने लावलेस, नोएल."

तिला माहीत होतं आणि तरी ती फ्रिजवर फीत लावून रोज दूध काढत राहिली, हे ऐकून नोएलला वाटलं, ओढ्यावरचं बोलणं सोपं होतं.

व्हरांड्यात मिसेस पोलमननी खुर्ची ओढली, चष्मा काचेला टेकवला. फार वेळ लागला नाही. बोटाने काचेवर दोनदा टकटक केली. "ही. आणि ही. पाठीवरच्या पराची कड बघ, काळी आहे. तुझ्या दुकानवाल्यांची पिवळी." मग मागे टेकून म्हणाल्या, "दोन्ही माद्या."

'माफ करा' हे शब्द नोएलने गाडीतच दोनदा उच्चारले होते. दोन्ही वेळा मिसेस पोलमननी "ऐकलं" एवढंच म्हटलं होतं.

"ती पिल्लं मंडळाच्या कुणालाही द्यायची नाहीत. ओढ्यात तर नाहीच. पाळायची असतील तर पाळ, पण वेगळ्या पेटीत, आणि चिठ्ठी लावायची. दुकानातली, मिश्र, नाव नाही. आणि ती फीत काढ."

ग्लेनिसने फ्रिजवरची फीत काढून टेबलावर ठेवली. मिसेस पोलमननी ती घडी घालून पर्समध्ये टाकली आणि तिथूनच एक जुनी शाळेची वही काढली. वर हर्बचं अक्षर.

"हर्बने ज्यांना ज्यांना मासे दिले त्यांची नावं. बावीस आहेत. काही गेले, काहींनी मासे सोडून दिले. पण कुणाकडे तरी एखादा नर असेल."

"मी शोधतो," नोएल म्हणाला. "आजच पत्रं लिहायला घेतो."

"पत्रं नाहीत. तू पत्रं लिहितोस आणि मग वाचत नाहीस." त्यांनी टेबलावरचा फोन त्याच्याकडे सरकवला. "फोन कर. प्रत्येकाला. नर का हवा असं विचारतीलच, तेव्हा सांगायचं काय झालं ते. सगळं. पाण्यापासून."

"बावीस जणांना?"

"तिसरीत शंभर ओळी लिहायचास ना? त्यापेक्षा कमीच आहेत."

ग्लेनिसने किटली ठेवली. नोएलने वही उघडली. पहिलं नाव बंदराच्या गावातल्या एका हजामाचं होतं, पुढे हर्बने लिहिलं होतं: 'पाच दिले, चांगला माणूस, फार बोलतो.' नोएलने नंबर लावला. त्याचे कान लाल झाले होते, आणि आता बाहेर ऊनही नव्हतं. पलीकडून एक म्हातारा आवाज आला.

"नमस्कार," नोएल म्हणाला. "मी कुलगाराहून बोलतोय. नोएल स्टकी. हर्ब पोलमनच्या माशांविषयी..."

"स्टकी?" पलीकडचा आवाज खुलला. "पाण्याच्या केंद्रातला स्टकी? अरे, माझी बहीण तुमच्याच गावात राहायची! ते थेंबांचं पत्रक तूच पाठवलं होतंस ना? तिने मला वाचून दाखवलं होतं, पुढे आमच्या नळालाही तसंच पाणी आलं तेव्हा त्या पत्रकाने माझे मासे वाचवले, बाबा! बोल, बोल, काय काम काढलंस?"

नोएलने मान वर केली. मिसेस पोलमन समोर चहाचा कप धरून बसल्या होत्या, तिसरीतल्या मुलाचं उत्तर ऐकायला बसतात तशा, अजिबात घाई नसल्यासारख्या.

"त्याच पत्रकाचं सांगायचंय," नोएल म्हणाला. "थोडं लांब आहे. वेळ आहे ना तुम्हाला?"